उकिडवं बसण्याचे नियम

९ फेब्रुवारी

आज गाडी आणली. चिमूरच्या शोरूममधून गावापर्यंत मीच चालवत आलो. शोरूमवाल्याने हँडलला हार घातला, नारळ फोडायला दिला आणि फोटो काढला. फोटोत मी हसतो आहे.

गाडी आईच्या पैशांची आहे. आईकडे पैसे नव्हते. गेल्या वर्षी मोहफुलं वेचताना तिला वाघिणीने नेलं, त्याचे सरकारकडून आले. बरेचसे बँकेत अडकवून ठेवले आहेत. जे हातात आले ते बाबांनी मला दिले. म्हणाले, "तुले गाडी पायजे होती न. घे."

गाडी अंगणात उभी केली. दिव्यानीने, माझ्या धाकट्या बहिणीने, सीटवरचं प्लास्टिक काढू नको म्हणून सांगितलं. शेजारच्या इंदुकाकू आरशात तोंड बघून गेल्या. बाबा जाळं खांद्यावर टाकून तळ्यावर निघाले तेव्हा गाडी वाटेतच होती. ते तिला वळसा घालून गेले.

ही वही एम.ए.च्या टिपणांसाठी घेतली होती. पहिल्या पानावर 'आधुनिक मराठी साहित्य : प्रस्तावना' असं लिहिलं आहे. पुढे काही नाही. परीक्षा मी दिली नाही.

१० फेब्रुवारी

गाडी चालवली.

११ फेब्रुवारी

गाडी चालवली.

१६ फेब्रुवारी

भूपेश आला. शाळेतला मित्र. माजरीच्या कोळसा खाणीत एका ठेकेदाराकडे टिपर चालवतो. सुट्टीला आला की त्याच्या खोकल्यातून पहिले दोन दिवस काळं पडतं. तो ते रुमालात धरून मला दाखवतो.

आम्ही वरोऱ्याला जाऊन बिर्याणी खाल्ली आणि दारू प्यायलो. परत आलो. मग पुन्हा वरोऱ्याला गेलो, कारण दुसरं काही सुचलं नाही. परतताना भूपेश चालवत होता. सरळ रस्त्यावर त्याने डोळे मिटले आणि मला आकडे मोजायला लावले. मी मोजले. वळण आल्यावर मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. गाडी धानाच्या बांधीत उतरली. बांधी कोरडी होती.

"काऊन बे, सांगितलं काऊन नाई?"

मी म्हटलं, मोजत होतो.

भूपेश खूप हसला. प्लास्टिक फाटलं.

२० फेब्रुवारी

नवा फोन घेतला. भूपेश म्हणाला, तळ्यात फेकून दाखव. फेकला. फार लांब गेला.

२२ फेब्रुवारी

फोन बाबांच्या जाळ्यात आला. त्यांनी तो धोतराला पुसून खिडकीत उन्हात ठेवला. शेजारी मासे वाळत होते. 

आई असती तर बोलली असती. ती बोलायची तेव्हा बाबा फक्त 'अवं' म्हणायचे, तेवढ्यावर सगळं भागायचं. आईचं नाव गोकुळा. बाबांच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नाही. वर्तमानपत्रात ते बरोबर छापलं होतं. वय चुकलं होतं.

३ मार्च

भूपेशला आमची झाडं बघायची होती.

जंगलाच्या कडेची मोहाची झाडं सरकारची आहेत. पण कोणत्या झाडाखाली कोणत्या घराने वेचायचं हे गावात आधीपासून ठरलेलं असतं. आमच्याकडे तीन आहेत, नाल्याच्या अलीकडे, ओळीत. आई मधल्याखाली होती. सध्या झाडांवर पानं नाहीत. फुलांनाही वेळ आहे.

आई गेल्यावर वनरक्षक नीलिमा मॅडमनी गावात सभा घेतली होती. त्यांनी सांगितलं, वाघ उभ्या माणसावर सहसा येत नाही. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्याला जनावर वाटतो. म्हणून मोह वेचताना एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं. बाकीच्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधायचा, म्हणजे पाठीलाही तोंड आहे असं वाटतं. मग त्यांनी प्लास्टिकचे मुखवटे वाटले. मिशीवाला हसरा माणूस. आमच्या घरी ते खिळ्याला टांगलेले आहेत. घरात शिरलं की आधी तेच दिसतात.

हे सगळं मी भूपेशला सांगितलं.

"म्हणजे उभा राह्यला त माणूस, अन् बसला त बकरी?"

"हो."

"बस मंग."

मी बसलो. जंगलाकडे पाठ, हात जमिनीला, मान खाली. भूपेश गाडीजवळ जाऊन उभा राहिला. आधी गुडघे दुखले. मग पाठ मोठी होत गेली, पाठीशिवाय आपल्याला दुसरं काही नाही असं झालं. नंतर तेही गेलं. मुंग्या एक वाळलेलं पान ओढत होत्या, ते मी पाहत होतो.

"काई वाटलं?" भूपेशने विचारलं.

"नाही."

"मले बसू दे."

तो बसला. टिटवी ओरडली तसा उठून पळत गाडीपर्यंत गेला. मग पोट धरून हसला. हसता हसता ओकला.

घरी आलो. आज बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

४ मार्च

बसलो.

९ मार्च

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बसतो. नियम आपोआप झाले. पाठ जंगलाकडे. फोन दुसऱ्याकडे. मुखवटा नाही. शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही, मागे बघायचं नाही. शिट्टी भूपेशकडे. त्याला पैज लावायची होती. मी नको म्हटलं. पैज लागली की लोक पैजेसाठी बसतात. त्याला ते पटलं नाही, पण गाडी माझी आहे.

समोरच्या पळसाच्या खोडाला वनखात्याचा कॅमेरा बांधलेला आहे, डब्यासारखा. समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढतो. भूपेश त्याला रोज नमस्कार करतो.

१३ मार्च

भूपेशने सुट्टी वाढवली आहे. त्याने कोणाकोणाला सांगितलं माहीत नाही, पण आज घुग्घुसहून पोरं आली, मोटारसायकलींवर, रात्रपाळी करून न झोपता. त्यांच्या केसांत सिमेंट होतं. भूपेश त्यांना झाडाखाली घेऊन गेला आणि जमिनीकडे बोट करून म्हणाला, "ह्याची माय इथीच गेली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मी हरकत घेतली नाही. माहिती खरी आहे.

एकेक जण बसला. एकाने डोळे उघडे ठेवले, एकाने मिटले, एक हनुमानाचं काहीतरी पुटपुटत राहिला. एक जाडा मुलगा शिट्टी झाल्यावरही उठला नाही. उठला तेव्हा रडत होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, घरच्यांनी दहावीत त्याची म्हैस विकली होती. तिचं त्याला आजवर काही वाटलं नव्हतं.

"भारी आहे बे हे," तो म्हणाला. "पुढच्या हप्त्यात येतो."

मी सगळ्यात शेवटी बसलो. मला काही वाटलं नाही.

१७ मार्च

आज एक मुलगी आली. डिंपल. चंद्रपूरला मोबाइलच्या दुकानात काउंटरवर असते. घुग्घुसच्या एकाची मावसबहीण. बाकीचे दारू पीत होते तेव्हा ती सरळ जाऊन बसली. भूपेशने शिट्टी वाजवली तरी उठली नाही. त्याने पुन्हा वाजवली.

"कसं वाटलं?" मी विचारलं. हा प्रश्न आता मीच विचारतो.

"मागं कोणीतरी आहे असं वाटून राह्यलं होतं." ती तळहात झटकत म्हणाली. "चांगलं वाटलं. आमच्या घरी मागं कोणी नसते. अन् तुले?"

"मला काही वाटत नाही."

"मंग रोज काऊन बसतो?"

"सवय."

"तुही माय वरडत नाई का?"

तिला सांगितलेलं नव्हतं. भूपेश फिस्सकन हसला. मी सांगितलं, कोण, कधी, कोणतं झाड. तिने ऐकून घेतलं आणि चपला काढल्या. मी म्हटलं, काटे आहेत. तिने घातल्या नाहीत.

१९ मार्च

फुलं पडायला लागली. पहाटे पडतात, संध्याकाळपर्यंत मऊ होतात. आम्ही त्यांच्यावरच बसतो. पँटला चिकटतात, गाडीच्या सीटला चिकटतात. सगळीकडे तो गोड वास.

भूपेशचं म्हणणं, आता मजा राहिली नाही. "नुसतं बसून काय होते? वाघिणीले आपण बाई दिसलो पायजे."

मी घरी जाऊन ट्रंक उघडली आणि आईचं हिरवं लुगडं आणलं. लग्नाकार्याचं. रोजचं जे होतं ते पंचनाम्यात गेलं. आता बसणाऱ्याने ते डोक्यावरून घ्यायचं, हा नवा नियम. घुग्घुसच्या पोरांना पदर कसा घ्यायचा ते कळत नव्हतं. मी दाखवलं.

डिंपलने घेतलं नाही.

"तुले समजते का काई?" तिने मला विचारलं.

मी विचार केला. म्हटलं, "कशाबद्दल?"

ती चिमूरच्या बसने निघून गेली. ती गेल्यावर मी लुगडं घेऊन बसलो. आतून ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता आणि त्याखाली दुसरा एक. शिट्टी झाली तेव्हा अंधारत आलं होतं. भूपेश म्हणतो, त्याने आधीही वाजवली होती.

२२ मार्च

आईचं वर्षश्राद्ध. बाबांनी तळ्यातून मरळ आणली. आईला आवडायची. दिव्यानीने चिंच घालून रस्सा केला. नैवेद्याचं पान घराच्या छपरावर ठेवलं. कावळे आले नाहीत. सगळे उन्हात उभे राहून वर बघत होते. मला घुग्घुसच्या पोरांचा फोन आला, वाटेत आहोत म्हणून. मी गाडी काढली.

दिव्यानी मागून म्हणाली, "दादा, पान तरी उठू दे."

बसून परत आलो तेव्हा पान खाली आणलेलं होतं. कावळ्याने खाल्लं की नाही ते मी विचारलं नाही. माझ्या वाटची मरळ ताटाखाली झाकून ठेवली होती. खाल्ली.

२४ मार्च

इंदुकाकू कुंपणापाशी थांबल्या.

"काऊन गा निकेश, तुम्ही पोट्टे रोज तिकडे तुमच्या झाडापाशी बसता म्हणते."

"हो."

"दिसते का काई?"

"नाही."

"आवाज गिवाज?"

"काहीच नाही काकू."

"मंग गेली वाटते बापा ते. एवढे पोट्टे रोज बसते, काई होत नाई." त्यांनी कुंपणाची एक काडी सरळ केली. "तिकडचे मोह सडून राह्यले. जीव हळहळते."

गेल्या वर्षीपासून नाल्याच्या बाजूला कोणी वेचायला जात नाही. सगळं गाव गावाजवळच्या थोड्या झाडांवर भागवतं. रोज पहाटे तिथे भांडणं असतात.

२६ मार्च

दिव्यानीला गाडीच्या डिक्कीत लुगडं सापडलं. ती पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे तळ्याच्या पाळीवर पळते, संध्याकाळी गोळा फेकते. हात भक्कम झाले आहेत तिचे. लुगडं तिने नाकाला लावलं.

"ह्याले सेंट कोणाचा येते?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, कोण कोण बसलं ते. खोटं बोलायचं काही कारण दिसलं नाही.

ती मारेल असं वाटलं. मी तोंड थोडं पुढेही केलं. तिने मारलं नाही. विहिरीवर जाऊन लुगडं धुतलं. खूप वेळ धुतलं. दोरीवर वाळत घालताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसाले काई वाटत नाई न तुले? झाडं आपली आहेत. तू बस. मी वेचतो. उद्या इंदुकाकूसंग जातो मी."

 तिकडे काही नाही हे खरंच आहे.

२७ मार्च

सकाळी नीलिमा मॅडमच्या स्कूटीने जाग आली. मी बाहेर आलो. बाबा अंगणात जाळं शिवत होते. मॅडमनी हेल्मेटही काढलं नव्हतं.

"निकेश कोण? तूच न? काल मी कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. हे पाय."

त्यांनी फोन पुढे केला. भूपेश नमस्कार करताना. घुग्घुसचा जाडा मुलगा. डिंपल, अनवाणी. त्या भरभर सरकवत होत्या. मग थांबल्या.

फोटोत मधल्या मोहाखाली आई बसली होती.

हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हात फुलांत. मी फोन हातात घेतला. मग बुटांवरून कळलं की तो मी आहे.

"मागं पाय," मॅडम म्हणाल्या. "गवतात."

मला गवतच दिसलं. त्यांनी नखाने दाखवलं. कान. मग एकदा कान दिसल्यावर सगळीच दिसली. पाय पोटाखाली घेऊन बसली होती. आमच्या दोघांत एका बैलगाडीएवढी जागा असेल. ती माझ्या पाठीकडे बघत होती. घाईत वाटत नव्हती.

"अजून आहे," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या फोटोत मी नव्हतो. ती मधल्या मोहाखाली आली होती आणि जिथे मी बसलो होतो तिथली जमीन हुंगत होती.

"तुमचा वास लागला तिले तिथी. रोजचा." मॅडमनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "माणसाची सवय होऊन राह्यली तिले, समजते का? मूर्ख आहे का तू? आता दवंडी देतो मी, तिकडे कोणी..."

मी दोरीकडे पाहिलं. दोरीवर लुगडं नव्हतं.

"दिव्यानी कुठे आहे?"

बाबांनी सुई जाळ्यात खोचली. "मोहावर गेली. इंदूसंग, चार-पाच बाया. तिकडे आता काई नाई म्हणे." मग त्यांनी मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं.

मी गाडी सुरू केली. ती एकदम खाली दबली. बाबा मागे बसले होते. गाडी आणल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला.  मॅडमची स्कूटी मागे होती, मग दिसेनाशी झाली.

गाडी पळसापर्यंतच जाते. उतरून मी पळायला लागलो. बाबांनी मनगट धरलं. "पळू नको. चाल." आम्ही चालत गेलो. इतकं हळू मी कधी चाललो नव्हतो.

बाया सगळ्या खाली होत्या, प्रत्येकीची पाठ वर. कोणीच उभी नव्हती. मुखवटे कोणीच बांधले नव्हते. मधल्या झाडाखाली हिरवं लुगडं. दिव्यानीने ते कमरेला खोचून झोळी केली होती आणि वाकून तिच्यात फुलं टाकत होती. मला माहीत होतं ती दिव्यानी आहे. माहीत असून मला ती दिव्यानी दिसत नव्हती. आईही दिसत नव्हती. लांबून एक काहीतरी चरत असलेलं दिसत होतं.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

बाबांनी हाक मारली.

"गोकुळा!"

नाव चुकलं. दिव्यानीने तरी ओ दिली. आणि उभी राहिली.

मग एकेक बाई उभी राहिली. "काऊन गा, काय झालं देवाजीभाऊ?" इंदुकाकू विचारत होत्या.  बाबा नाल्याकडे तोंड करून उभे होते, हात दोन्ही बाजूंना पसरून, जाळं फेकायच्या आधी उभे राहतात तसे. मी म्हटलं, "सगळ्या एकत्र या. वाकू नका. पडलेलं राहू द्या." आवाज कुठून तरी आला होता.

नाल्याच्या बाजूला गवत हललं की नाही ते सांगता येत नाही. दिव्यानी म्हणते हललं. इंदुकाकू म्हणतात वारा होता. वारा नव्हता.

पळसापाशी मॅडम भेटल्या. त्यांनी बायांना फोटो दाखवला. इंदुकाकूंनी नीट बघितला, फोन परत दिला आणि माझ्या तोंडात मारली. हाताला मोह चिकटलेला होता.

"काई नाई म्हटलं होतं न तू! काहीच नाई काकू, म्हटलं होतं!"

मी म्हटलं, मला दिसलं नव्हतं.

"पाठ करून बसला त दिसन कसं, मुडद्या?"

हे बरोबर आहे.

२८ मार्च

दिवसभर झोपलो.  ताप नव्हता.

२९ मार्च

भूपेशला फोटोचं कळलं. "मॅडमले माग न बे तो फोटो. अख्ख्या महाराष्ट्रात फिरन. तू, अन् मागं ते!"

मी त्याच्याकडून शिट्टी मागून घेतली.

"खेळ बंद?"

"बंद."

"घाबरला का?"

मी नाही म्हणणार होतो. पण नाही म्हणता आलं नाही. भूपेशने रुमाल काढला. मग खोकला. म्हणाला, "मी पहिल्या दिवशीच घाबरलो होतो. मले वाटलं तू हसशील." दुपारच्या गाडीने तो माजरीला गेला.

२ एप्रिल

तीन दिवसांपूर्वी गावात सभा झाली. वेचायचं तर आहेच. आता सगळ्यांनी एकाच बाजूने जायचं, ऊन वर आल्यावर, आणि घरटी एकाने उभं राहायचं. वनखात्याची माणसंही सोबत असतात. मी आमच्या घरचा उभा. हातात शिट्टी आणि पत्र्याचा डबा. काहीच करायचं नसतं, फक्त बघायचं. गवत, नाला, पुन्हा गवत. पोटऱ्या दुखतात. पहिल्या दिवशी कोल्हा दिसला आणि मी शिट्टी वाजवली. सगळ्या उठल्या. इंदुकाकू म्हणाल्या, "कोल्ह्यालेच भ्यालं व हे." दिवसभर हसत होत्या. त्यांनी मला अजून माफ केलेलं नाही. चहा मात्र दिला.

मुखवटे खिळ्यावरून काढले. दिव्यानी बांधते. तिच्या मागे उभं राहिलं की तो मिशीवाला माझ्याकडे बघून हसत असतो.

संध्याकाळी बाबा जाळं घेऊन निघाले. गाडीपाशी थांबले. "तळ्यावर सोडून देजो," म्हणाले.

६ एप्रिल

फुलं संपत आली. दिव्यानीच्या पाठीत उसण भरली, भरतीची तारीख जवळ आहे. ती उठली, मुखवटा सोडला आणि माझ्या हातातली शिट्टी घेतली.

"बस आता तू. मी पायतो."

मी म्हटलं, मला वेचता येत नाही.

"फुलं उचलाले काय शिकाव लागते? बस."

तिने मुखवटा माझ्या डोक्याला मागून बांधला. गाठ घट्ट मारली. मी मधल्या झाडाखाली उकिडवा बसलो. याच जागेवर मी किती वेळा बसलो आहे. हात जमिनीला लावले. फूल बोटांत येईना. पाठ पुन्हा मोठी झाली, पण या वेळी ती गेली नाही, राहिली.

"बघतेस ना?"

"पाहून राह्यली."

एक फूल उचललं. टोपलीत टाकलं. दुसरं उचललं.

"दिव्यानी?"

"आहे न रे इथीच. वेच."

आईला कोणी असं म्हणालं नव्हतं. त्या सकाळी सगळ्याच खाली होत्या. हे मला आधीपासून माहीत होतं, गावात सगळ्यांना माहीत आहे. पण ते मला तिथे, खाली बसून, पहिल्यांदा कळलं. मग बराच वेळ मला फुलं दिसली नाहीत. हाताने चाचपून उचलत राहिलो. तोंड पुसायला हात नव्हते, हातांना मोह लागलेला होता.

"दिव्यानी?"

"हो."

टोपली भरायला वेळ लागला. बाकीच्यांचं केव्हाच झालं होतं. इंदुकाकूंनी आपली टोपली डोक्यावर घेतली होती, ती उतरवली नाही. कोणी घाई कर म्हणालं नाही. माझं होईपर्यंत सगळ्या थांबल्या. उभ्या.